पुस्तक परत येईपर्यंत

अमेरिकेतील शाळांमधून पुस्तके काढून टाकल्याच्या प्रकरणांची मोजदाद ‘पेन अमेरिका’ ही लेखकांची संघटना गेली काही वर्षे करीत आली आहे. तिच्या हिशेबाप्रमाणे २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अशी १०,०४६ प्रकरणे घडली आणि २०२४-२५ मध्ये ६,८७०. या आकड्यांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. एखाद्या पुस्तकाविषयी तक्रार आली आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत ते कपाटातून काढून ठेवले, तर संघटना तेही बंदीच्या खात्यात धरते. उद्या कदाचित जागेवर परत येईल अशा पुस्तकाला बंदीत मोजणे म्हणजे आकडा फुगवणे होय, असे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असते. शाळांचा कारभार पाहणाऱ्या शाळा मंडळाच्या सदस्याच्या जागी बसून पाहिले तर ते पटण्यासारखेही आहे, कारण त्याच्या दृष्टीने वर्षभराची चौकशी ही कारभारातली एक सामान्य गोष्ट असते. सोळा वर्षांच्या वाचकाच्या बाबतीत मात्र हा हिशेब चालत नाही. अमेरिकेतील हायस्कूल चार वर्षांचे असते. अकरावीत हवे असलेले पुस्तक दोन वर्षांनी सन्मानाने परत आले, तरी ज्याने ते मागितले होते तो विद्यार्थी तोवर शाळेतून निघून गेलेला असतो. त्याच्यापुरती ती बंदी पूर्ण झालेली असते आणि पुढचा कोणताही निकाल ती मागे घेऊ शकत नाही.

पुस्तकबंदीविरुद्ध उभ्या राहिलेल्या किशोरवयीन मुलांकडे पाहताना ही वेळेची बाजू सहसा नजरेआड होते. त्यांच्या धीटपणाचे कौतुक होते, त्यांची छायाचित्रे छापून येतात, कोणी त्यांना भविष्याचे शिलेदार म्हणतो, तर कोणी मोठ्यांनी पढवलेली पोरे म्हणतो. माझे म्हणणे याहून साधे आहे. या वादात ज्याचे नुकसान काळाबरोबर कायमचे होऊन बसते, असा पक्षकार एकच आहे, आणि तो म्हणजे विद्यार्थी. म्हणून त्याचे म्हणणे ऐकून घेणे हा मोठ्यांचा मोठेपणा समजू नये. निर्णयाच्या प्रक्रियेत त्याला जागा असणे हा त्याचा हक्क आहे, आणि ती जागा आज बहुतेक ठिकाणी त्याला मिळालेली नाही.

या विषयावरचा सर्वांत गाजलेला खटला याच दृष्टीने पुन्हा वाचून पाहण्यासारखा आहे. न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर आयलंड ट्रीज नावाचा एक शालेय जिल्हा, म्हणजे एका मंडळाच्या कारभाराखालचा शाळांचा गट, आहे. १९७५ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या शाळा मंडळाचे काही सदस्य पालकांच्या एका परंपरावादी संघटनेच्या परिषदेला गेले आणि आक्षेपार्ह पुस्तकांची एक यादी घेऊन परतले. ७ नोव्हेंबरच्या रात्री, शाळेत एक कार्यक्रम चालू असताना, त्यांपैकी दोघे हायस्कूलच्या वाचनालयात गेले आणि तिथली कार्डे चाळून यादीतली कोणती पुस्तके शाळेत आहेत ते शोधू लागले. नऊ सापडली. ही पुस्तके काढण्याचा हुकूम पुढच्या वर्षाच्या फेब्रुवारीत निघाला. त्यावर गवगवा झाला तेव्हा मंडळाने एक पत्रक काढून ही पुस्तके अमेरिकाविरोधी, ख्रिस्तविरोधी, ज्यूविरोधी आणि निव्वळ घाणेरडी आहेत असे जाहीर केले, आणि मुलांना शारीरिक धोक्यांपासून वाचवावे तसेच या नैतिक धोक्यापासून वाचवणे हे आपले कर्तव्य असल्याचेही सांगितले. पुढे न्यायालयीन जबानीत या पुस्तकांतला अमेरिकाविरोध दाखवा असे विचारल्यावर जे उदाहरण पुढे आले ते असे की, एका पुस्तकात जॉर्ज वॉशिंग्टन गुलाम बाळगत होते असा उल्लेख आहे. वॉशिंग्टन गुलाम बाळगत होते हे इतिहासाला मान्य आहे, आणि मंडळाचा त्यावर काही वेगळा दावा होता असेही नाही.

यानंतर मंडळाने एक समिती नेमली, आणि माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट ही समितीच आहे. तीत चार पालक होते, शाळेचे चार कर्मचारी होते आणि विद्यार्थी एकही नव्हता. समितीने प्रामाणिकपणे काम केले असे म्हणायला हरकत नाही. बरीच पुस्तके ठेवावीत असे तिने सुचवले, काहींवर तिचे एकमत झाले नाही, आणि एका पुस्तकाबद्दल तिने मत दिले नाही ते अशा कारणाने की, सर्व सदस्यांना ते वाचायला जमले नव्हते. जे पुस्तक समितीचे सारे सदस्य वाचू शकले नाहीत, ते मुलांनी वाचावे की नाही याचा निर्णय त्या समितीकडून अपेक्षित होता. मंडळाने अखेर समितीचा अहवालही बाजूला सारला आणि नऊ पुस्तके बाहेरच ठेवली. १९७७ च्या जानेवारीत पाच विद्यार्थी न्यायालयात गेले. त्यांत सतरा वर्षांचा स्टीव्हन पिको होता, ज्याच्या नावाने हा खटला ओळखला जातो.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २५ जून १९८२ रोजी लागला. पाच विरुद्ध चार अशा मतांनी विद्यार्थ्यांची बाजू उचलून धरली गेली. केवळ त्यांतले विचार आवडत नाहीत म्हणून शाळा मंडळाला वाचनालयातून पुस्तके काढता येणार नाहीत, असे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिले. पुस्तके परत आली. पण तोवर पिकोचे कॉलेजही आटोपले होते. ज्यांनी दावा लावला त्यांतल्या एकालाही आपल्या शाळेच्या वाचनालयात ती पुस्तके विद्यार्थी म्हणून हातात घेता आली नाहीत. हा निकाल विद्यार्थ्यांच्या हक्कांचा विजय म्हणून शिकवला जातो, आणि तो तसा आहेही; पण साडेपाच वर्षांत लागणारा न्याय आणि चार वर्षांचे हायस्कूल यांचे गणित जुळत नाही, ही गोष्ट त्या विजयाच्या पोटातच दडलेली आहे.

पिको प्रकरणानंतर चाळीस वर्षांनी ही उणीव कायद्याच्या मसुद्यांतच शिरलेली दिसते. फ्लोरिडात २०२३ साली झालेल्या कायद्याने अशी तरतूद केली की, पुस्तकात लैंगिक वर्णन असल्याची हरकत आली की ते शाळेच्या पाच दिवसांत काढून घ्यावे आणि हरकतीचा निकाल लागेपर्यंत मुलांना मिळू देऊ नये. हरकत घेणाऱ्याला काही सिद्ध करावे लागत नाही, तोवर काम फत्ते झालेले असते. या तरतुदीतला काही भाग संघीय जिल्हा न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये घटनाबाह्य ठरवला. मधल्या दोन वर्षांत ज्यांनी शाळा सोडली त्यांना त्याचा उपयोग नाही. बरे, हरकती घेणारे तरी किती असतात? वॉशिंग्टन पोस्टने २०२१-२२ मधल्या हजारभर तक्रारी मिळवून तपासल्या तेव्हा त्यांतल्या सुमारे ६० टक्के तक्रारी अवघ्या ११ जणांनी केलेल्या निघाल्या. चिकाटीने अर्ज भरणाऱ्या मूठभर माणसांनी हजारो मुलांची कपाटे रिकामी करावीत आणि त्या अर्जांचे घोंगडे भिजत पडावे, अशी ही व्यवस्था आहे.

मग विद्यार्थीच पुढे का आले? त्यांच्यात मोठ्यांपेक्षा जास्त हिंमत असते म्हणून, असे उत्तर सोयीचे आहे, पण खरे कारण मला अधिक रुक्ष वाटते. मोठ्यांची पोटे नोकरीवर अवलंबून आहेत. २०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडातील मॅनाटी काउंटीत शिक्षकांनी आपल्या वर्गातली पुस्तकांची कपाटे कागदाने झाकून टाकली, कारण मान्यता न मिळालेले पुस्तक मुलाच्या हाती पडल्यास फौजदारी गुन्हा दाखल होऊ शकेल अशी टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर होती. ओक्लाहोमातील नॉर्मन येथे एका शिक्षिकेनेही आपली कपाटे लाल कागदाने झाकली, पण तिने सोबत एक क्यूआर कोड लावला, जो विद्यार्थ्यांना ब्रुकलिनच्या सार्वजनिक वाचनालयाकडे नेत होता. तिला नोकरी सोडावी लागली आणि २०२४ मध्ये राज्याने तिचा शिक्षकाचा परवानाही काढून घेतला. अशा वातावरणात ग्रंथपाल आणि शिक्षक गप्प बसतात, नवे पुस्तक मागवताना दहा वेळा विचार करतात आणि कोणतीही तक्रार न येताही निवड आपोआप आकसत जाते. या आकसण्याची नोंद कोणत्याच आकडेवारीत होत नाही. कपाटासमोर उभे राहून एखादे पुस्तक शोधणाऱ्या आणि ते न सापडलेल्या मुलालाच हे आकसणे जाणवते, आणि त्या मुलाला नोकरीवरून काढता येत नाही.

पेन्सिल्व्हेनियातील सेंट्रल यॉर्क शालेय जिल्ह्यात हेच घडले. वांशिक विविधतेविषयी शिक्षकांना उपयोगी पडावी म्हणून तयार केलेली एक साधनसूची तिथल्या मंडळाने २०२० च्या अखेरीस थांबवली. तीत कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतल्या रोझा पार्क्स यांच्यावरचे बालवाचकांचे पुस्तकदेखील होते. आपण बंदी घातलेली नाही, केवळ तपासणीसाठी यादी गोठवली आहे, असा मंडळाचा खुलासा होता, आणि ही तपासणी महिनोन्‌महिने चालू होती किंवा चालू नव्हती, बाहेरून दोन्ही सारखेच दिसत होते. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये विद्यार्थ्यांनी रोज सकाळी, वर्ग भरण्याआधी, फलक घेऊन शाळेबाहेर उभे राहायला सुरुवात केली. २० सप्टेंबरला मंडळाने एकमताने निर्णय फिरवला. वर्ष होत आले तरी जी तपासणी संपली नव्हती ती काही आठवड्यांत अनावश्यक ठरली, यावरून ती मुळात किती आवश्यक होती याचा अंदाज बांधता येतो. टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळच्या लिअँडर जिल्ह्यातील मुलांनी त्याच वर्षी वेगळी वाट काढली. वर्गातून काढलेली पुस्तके वाचून त्यांवर चर्चा करणारे मंडळ त्यांनी शाळेतच सुरू केले. मला हा मार्ग घोषणांपेक्षा अधिक परिणामकारक वाटतो, कारण शाळा मंडळाच्या सभेत निवडक चार ओळी मोठ्याने वाचून दाखवणाऱ्यांना खरे उत्तर उरलेली तीनशे पाने वाचलेला माणूसच देऊ शकतो. अशा सभांत नागरिकांना बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिनिटे मिळतात. ओरबाडून काढलेला उतारा तेवढ्यात सहज बसतो. त्या उताऱ्याला पुस्तकात काय अर्थ आहे हे सांगायला मात्र ते पुस्तक नीट पचवलेले असावे लागते.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे. प्रत्येक पुस्तक प्रत्येक वयाला योग्य नसते, हे कोणताही शहाणा ग्रंथपाल मान्य करील. तसे नसते तर प्राथमिक शाळा आणि हायस्कूल यांना वेगळी वाचनालये लागलीच नसती. अल्पवयीनांना अश्लील साहित्य विकण्यावर राज्ये निर्बंध घालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच सांगून ठेवले आहे, आणि ते बदलावे असे मला वाटत नाही. पण त्याच न्यायालयाने २०११ मध्ये, हिंसक व्हिडिओ गेमच्या खटल्यात, मुलांना अपायापासून वाचवण्याचा अधिकार म्हणजे त्यांच्यापर्यंत कोणते विचार पोचावेत हे ठरवण्याचा मोकाट अधिकार नव्हे, असे स्पष्ट केले. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्कालिया उदारमतवादी म्हणून कधीच ओळखले जात नव्हते. पालकांच्या हक्काचेही तेच. २०२५ च्या जूनमध्ये मेरिलँडमधील मॉन्टगोमेरी काउंटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी पालकांच्या बाजूने कौल दिला आणि धार्मिक कारणासाठी आपल्या मुलाला काही पाठांतून वगळण्याची मुभा त्यांना मिळाली. त्या निकालाविषयी मतभेद असू शकतात. पण पालकांना इतके झुकते माप देणारा तो निकालसुद्धा आपल्या मुलापुरताच आहे. शेजारच्या घरातल्या मुलाने काय वाचावे हे ठरवण्याचा अधिकार त्याने कोणाला दिलेला नाही. पुस्तक कपाटातूनच काढा अशी मागणी करणारा पालक नेमका तोच अधिकार मागत असतो, आणि तो मागताना ज्या दुसऱ्या पालकाला आपल्या मुलीने ते पुस्तक वाचावे असे वाटते, त्याच्या हक्कावर पाय देऊनच त्याला पुढे जावे लागते.

याहून वजनदार युक्तिवाद लोकशाहीचा आहे. शाळा मंडळ लोकांनी निवडून दिलेले असते, पैसा करदात्यांचा असतो, तेव्हा कोणती पुस्तके ठेवायची हे लोकप्रतिनिधींनीच ठरवावे, असे हा पक्ष म्हणतो. २०२५ च्या मे महिन्यात पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाने टेक्सासमधील लानो काउंटीच्या सार्वजनिक वाचनालयातून काढलेल्या १७ पुस्तकांच्या प्रकरणी दहा विरुद्ध सात मतांनी जवळपास हीच भूमिका घेतली. सार्वजनिक वाचनालयाने एखादे पुस्तक ठेवावेच असा वाचकाचा घटनात्मक हक्क नाही, असे बहुमताने म्हटले. बहुमतातील काही न्यायाधीशांनी तर पुढे जाऊन वाचनालयातली निवड हा सरकारचाच आवाज असल्याचे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये हे प्रकरण ऐकण्यास नकार दिला, त्यामुळे टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत पिकोच्या निकालाचा आधार आता जवळजवळ उरलेला नाही. हा तर्क क्षणभर मान्य करून पाहू. निवड आवडली नाही तर वाचकाने काय करावे? निवडणुकीत सदस्य बदलावेत, हे त्याचे उत्तर. प्रौढ वाचकाला ते लागू पडते. सतरा वर्षांच्या वाचकाला बहुतेक ठिकाणी मत नाही, आणि अठरा पूर्ण होऊन मत मिळते तेव्हा त्याची शाळा संपत आलेली असते. ज्याच्यासाठी वाचनालय उघडले आहे त्याच्यापाशी न्यायालयाचा दरवाजा नाही आणि मतपेटीही नाही, अशी ही स्थिती आहे. अशा वेळी सभेतली ती दोन-तीन मिनिटे आणि शाळेबाहेरचा फलक एवढेच त्याच्या हाती राहते. म्हणून या मुलांच्या आंदोलनाला अतिउत्साह म्हणणाऱ्यांनी आधी त्यांच्यासाठी दुसरा कोणता मार्ग मोकळा ठेवला आहे ते दाखवावे.

पुस्तके दुकानात मिळतात, फोनवर सारे जग उघडे आहे, मग हा आटापिटा कशासाठी, असेही विचारले जाते. गंमत अशी की हा मुद्दा खरा असेल तर पुस्तक काढण्याचा आटापिटाही तितकाच व्यर्थ ठरतो. प्रत्यक्षात ज्या मुलाकडे पुस्तके विकत घेण्याइतके पैसे नाहीत, किंवा ज्याला घरी विचारता येणार नाही असा प्रश्न पडला आहे, त्याच्यासाठी शाळेचे वाचनालय हीच एक जागा असते, जिथे कोणाला कारण न सांगता पुस्तक हाती घेता येते. ब्रुकलिनच्या सार्वजनिक वाचनालयाने २०२२ च्या एप्रिलमध्ये १३ ते २१ वयोगटातील कोणाही अमेरिकन वाचकाला विनाशुल्क ई-कार्ड देण्याची योजना सुरू केली आणि नंतर आणखी काही शहरांची वाचनालये तीत सहभागी झाली. योजना उत्तमच आहे. पण ज्याला आपल्याला काय हवे आहे हे आधीच ठाऊक आहे त्यालाच ती उपयोगी पडते. कपाटासमोर सहज रेंगाळताना एखादे पुस्तक अवचित हाताला लागणे, आणि त्यातून आपल्यासारखे आणखी कोणी आहे हे कळणे, दूरच्या शहरातल्या ई-कार्डावर सहसा घडत नाही.

मुलांची बाजू घेणाऱ्यांनाही इथे थोडे ऐकवले पाहिजे. एका पंधरा वर्षांच्या मुलीला व्यासपीठावर उभे करून टाळ्या वाजवणे आणि घरी जाऊन स्वतः मंडळाच्या निवडणुकीत मतही न देणे, हा पाठिंबा नव्हे. शाळा मंडळांच्या निवडणुकांत मतदान सामान्यतः अगदी कमी होते, आणि थोड्या मतांनी निवडून येता येत असल्यामुळेच लहान पण संघटित गटांना तिथे जोर करता येतो. ज्यांना मत आहे ते घरी बसतात आणि ज्यांना मत नाही ते सभेला जातात, हे चित्र मुलांच्या कौतुकाचे असले तरी मोठ्यांना शोभणारे नाही. शिवाय मुलांना प्रतीक बनवले की त्यांच्याकडून एकमुखी बोलण्याची अपेक्षा सुरू होते. एखाद्या विद्यार्थ्याला एखादे पुस्तक खरोखरच उथळ किंवा बटबटीत वाटले, तर ते म्हणण्याचीही त्याला सोय हवी. वाचक म्हणून त्याच्या मताला किंमत आहे ती याचसाठी.

इलिनॉय राज्याने २०२३ मध्ये कायदा करून, पक्षीय किंवा मतप्रणालीच्या नापसंतीवरून पुस्तके काढणाऱ्या वाचनालयांचे राज्य अनुदान रोखण्याची तरतूद केली. असा कायदा करणारे ते पहिले राज्य. हे पाऊल स्वागतार्ह असले तरी त्याने केवळ पुस्तक वाचवले जाते. वाचणाऱ्याला बोलण्याची जागा त्यातून मिळत नाही. माझ्या मते नियम याहून साधे आणि कोरडे असावेत. निकाल लागेपर्यंत पुस्तक जागेवरच राहील. निकालाला मुदत असेल, आणि ती सहामाहीच्या आत संपेल. तक्रार करणाऱ्याने आणि समितीतल्या प्रत्येकाने पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलेले असेल. आणि हायस्कूलच्या पुस्तकांची फेरतपासणी करणाऱ्या समितीत विद्यार्थी असतील, तेही नुसते निमंत्रित म्हणून खुर्ची अडवायला नव्हे, तर मताधिकारासह.

या शेवटच्या सूचनेवर भुवया उंचावतात. अल्पवयीनांच्या हाती सार्वजनिक निर्णयाचे मत द्यायचे का, असे विचारले जाते. मेरिलँडमध्ये हा प्रश्न जुना झाला आहे. तिथल्या हॉवर्ड काउंटीच्या शिक्षण मंडळावर विद्यार्थ्यांनी निवडून दिलेला एक विद्यार्थी सदस्य असतो आणि अनेक विषयांवर त्याला पूर्ण मत असते. कोविडच्या काळात शाळा कधी उघडाव्यात या वादात त्या एका मताला महत्त्व आले, तेव्हा काही पालक हे पदच घटनाबाह्य ठरवा म्हणून न्यायालयात गेले. २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. अर्थसंकल्प, कर्मचाऱ्यांच्या नेमणुका अशा काही विषयांत तिथेही विद्यार्थी सदस्याला मत नाही, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण त्या विषयांचा अनुभव त्याच्यापाशी नसतो. एखादी कादंबरी सोळा वर्षांच्या वाचकावर काय परिणाम करते, या विषयात मात्र समितीतल्या इतर सर्वांना अंदाज बांधावा लागतो.